गाडी बदलायच्या आधी पॅड बघा

पुणे, 4 जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर ब्रेकचा विषय निघाला की बाबा म्हणतात, "कसला आवाज? काही नाही," आणि मागून आई म्हणते, "अहो, सगळी गल्ली जागी होते." दोघांचंही खरं आहे. ब्रेकची किंचाळी साधारण 1,000 ते 15,000 हर्ट्झच्या पट्ट्यात कुठेही असू शकते, आणि वयाबरोबर कान आधी सोडतो ते हेच वरचे सूर. त्यात काचा बंद, हीटरचा पंखा चालू. म्हणून बाबा, या एका बाबतीत आईच्या कानावर भरवसा ठेवायचा. सकाळी गाडी काढताना ती शेजारी असेल तर तिच्या बाजूची काच थोडी खाली करा, कितीही गारठा असला तरी.

आणि ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आरटीओ टॅक्सची सूट मिळाली तर गाडीच बदलून टाकू, हे इतक्यात नको. 1905 पासून भरणारा मेळा पुढच्या हिवाळ्यातही भरेल. ब्रेक वाजतात एवढ्यासाठी कोणी गाडी विकू नये.

आधी एवढंच ठरवायचं: आवाज किती वेळ टिकतो. गेटमधून गाडी मागे घेताना "कट्" झालं, मग पहिल्या चार-सहा ब्रेकांना चिरका आवाज आला आणि कोपऱ्यावरून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत तो गेला, तर तो दवाचा आवाज आहे. दुपारी महाराज बाड्याच्या बाजारातून परत येतानाही तो येत असेल, किंवा ब्रेकवर पाय नसताना चाकाबरोबर चिं-चिं ऐकू येत असेल, तर पॅड, म्हणजे डिस्कला दाबून चाक थांबवणारे घासपट्टे, संपत आल्याची शंका घ्यायची. आणि किंचाळी जाऊन जाड खरखर सुरू झाली, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, तर गाडी तिथेच उभी करून मिस्त्रीला घरी बोलवायचं. त्या अवस्थेत "हळूहळू नेतो" हा हिशेब चुकीचा. डिस्क तर जातेच, ब्रेकही कमी लागतो.

दवाचं कारण असं. पुढच्या चाकांत जी गोल तबकडी असते ती डिस्क बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची, आणि तिच्या घासणाऱ्या भागावर रंग देता येत नाही. ग्वाल्हेरला पौषात पारा चार-पाच अंशांवर येतो, धुकं पडतं, आणि उघड्यावरच्या गाडीच्या डिस्कवर रात्रीतून पाण्याचा पातळ थर बसतो. सकाळी बघितलंत तर डिस्क नारिंगी दिसेल. तो वरवरचा गंज, घाबरायचं कारण नाही. पॅडही थोडा दमटपणा ओढतात. अशा गार, ओलसर, गंजक्या पृष्ठभागावर पॅड सरळ घसरत नाही. चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला हजारो वेळा होणारी ही थरथर डिस्क पकडते आणि बाहेर फेकते. खडू फळ्यावर उभा धरला की जे होतं तेच. दोन-चारदा नीट ब्रेक लागले की गंज पुसला जातो, डिस्क कोमट होते, आवाज जातो. ज्या पॅडांत पोलादी तंतू जास्त, ते गारठ्यात जास्त वाजतात.

तुमच्याकडे यात आणखी एक भर आहे, ती म्हणजे गाडीचा वापर. भाजी, बँक, दवाखाना, आणि तेही अगदी जपून, पाय जेमतेम टेकवत. गाडी जपण्याच्या दृष्टीने ते चांगलं, पण पॅडच्या दृष्टीने नाही. हलक्या ब्रेकने गंज पूर्ण पुसला जात नाही, डिस्कच्या कडेला गंजाची धार उभी राहते आणि पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो. त्याला मिस्त्री "ग्लेझ" म्हणतात. असा पॅड कमी पकडतो आणि जास्त बोलतो. उपाय फुकट आहे. आठवड्यातून एकदा, ऊन वर आल्यावर, मुरारच्या बाजूच्या एखाद्या रुंद आणि रिकाम्या रस्त्यावर न्या. आरशात मागे कोणी नाही ना बघा. ताशी 50 वरून 10 पर्यंत ठाम पायाने वेग उतरवा, चाकं लॉक होतील इतका जोर नको. पुन्हा 50 गाठा, मध्ये अर्धा मिनिट हवा लागू द्या, आणि असं आठ-दहा वेळा करा. शेवटी दोन-तीन किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवा म्हणजे डिस्क थंड होईल. ज्या आवाजाचं कारण गंज किंवा हलकी ग्लेझ आहे, तो बहुतेक वेळा यानेच जातो. यानेही नाही गेला तर पॅड काढून बघावेच लागतील.

पॅड बघणं तुम्ही करू नका. जॅकवर उचललेल्या गाडीजवळ बसायचं, उठायचं, हे आता मिस्त्रीचं काम. पण त्याने काय बघावं हे तुम्हाला माहीत असलेलं बरं, कारण "साहेब, सगळं बदलावं लागेल" हे वाक्य ऐकून घरी यायचं नाही.

पुढच्या दोन चाकांत मिळून चार पॅड असतात. प्रत्येक चाकात एक बाहेरचा, एक आतला. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण 10 मिमी असतो, त्यामागची पोलादी पट्टी मोजायची नाही. थर 3 मिमीच्या आसपास आला की चारही पॅड एकदम बदलायचे. एका बाजूचेच बदलले तर गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढते. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी जीभ असते. थर दोन-तीन मिमी उरला की ती डिस्कला टेकून मुद्दाम किंचाळते. हा इशारा आहे, बिघाड नाही. काही गाड्यांत ब्रेक दाबला की तो थांबतो, काहींत दाबल्यावरच येतो. स्वस्तातल्या पॅडना ही जीभ नसतेच, तेव्हा आवाज नाही म्हणून पॅड शाबूत, असं धरून चालू नका.

आतला पॅड बघितल्याशिवाय मिस्त्रीला चाक बसवू देऊ नका, कारण बाहेरून टॉर्चने दिसतो तो फक्त बाहेरचा. बाहेरचा 6 मिमी आणि आतला 3, असं निघालं तर दोष पॅडचा नाही, कॅलिपरच्या, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरकत्या पिनांचा आहे. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्या पिना गंजल्या किंवा ग्रीस वाळलं की पिस्टनकडचा पॅड एकटाच घासत राहतो. असं चाक फेरफटक्यानंतर दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त तापतं. हात चाकाजवळ नेला तरी फरक कळतो, डिस्कला मात्र शिवायचं नाही.

पिना बाहेर काढून पुसायच्या, रबरी बूट फाटला असेल तर बदलायचा, आणि ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस लावायचं, एका पिनेला हरभऱ्याएवढं. व्हील बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही. त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिना आणखीनच अडकतात. जास्त ग्रीसही वाईट. भोकाच्या तळाशी हवा कोंडते आणि पिन पूर्ण आत जात नाही.

नवे पॅड बसवूनही महिन्याभरात आवाज सुरू होतो, तो बहुतेक घाईचा परिणाम असतो. पॅडचे कान ज्या कोंदणात बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करायला हवा, त्यातल्या पत्र्याच्या क्लिपा नव्या हव्यात, पॅडच्या पाठीमागची पातळ शिम जागेवर हवी. ही शिम थरथर गिळते. घाईत ती काढून फेकली जाते आणि मग नवा पॅड जुन्यापेक्षा जास्त ओरडतो. पाठीवर आणि कानांवर ब्रेकची पेस्ट अगदी पातळ, घासणाऱ्या बाजूला ठिपकाही नाही. डिस्क लेथवर लावायची, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करायची, गरज दरवेळी नसते. ब्रेक दाबताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल, किंवा खोल चरे पडले असतील तरच. आणि तेव्हाही डिस्कवर कोरलेली किमान जाडी बघून. त्याखाली गेली तर लेथ नाही, नवी जोडी.

पॅड घेताना गाडीच्या चेसिस नंबरवरून मूळ भागाचा नंबर काढून तोच मागा. सुट्या पुडीतले, नाव नसलेले पॅड कशाचे आहेत हे कोणी छातीठोक सांगत नाही. याच कारणाने मिस्त्री कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेकची धूळ उडवू लागला तर त्याला थांबवा आणि तुम्ही लांब उभे राहा. जुन्या किंवा स्वस्त पॅडांच्या धुळीत अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायचं किंवा ब्रेक क्लीनर मारायचा. आणि कृपा करून, आवाज बंद करायला डिस्कवर तेल, डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे कोणालाही मारू देऊ नका. आवाज बंद होईल, ब्रेकही बंद होईल. तेल प्यालेला पॅड धुऊन परत वापरता येत नाही.

दोन गोष्टी मिस्त्री विसरतो. जाड नवे पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलावा लागतो, तेव्हा वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं. डबी आधीच काठोकाठ असेल तर ते सांडतं आणि रंग खातं. लगेच पाणी ओतायचं. त्यामुळे पातळी थोडी उतरली म्हणून पॅड बदलण्याआधी ऑइल भरत बसू नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. मात्र डबीवरच्या "मिन" खुणेच्या खाली गेली किंवा भराभर उतरू लागली तर गळती शोधायला सांगा. दुसरं, आणि फार महत्त्वाचं: काम झाल्यावर गाडी जागची हलवण्याआधी पेडल पंपासारखं दाबत राहायचं, ते कडक होईपर्यंत. नाहीतर पहिला ब्रेक थेट तळाला जातो, आणि समोर मिस्त्रीचं दुकान असतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट-4 या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो, पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा 155 पर्यंत खाली धरतात. किंचाळीशी याचा संबंध नाही, पण दोन वर्षं झाली असतील तर याच फेरीत बदलून घ्या. पाहुणे आले की तुम्ही किल्ल्यावर नेता, आणि उरवाई दरवाजाचा उतार ब्रेकची परीक्षा बघतो. तिथे उतरताना पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये राहा. सबंध उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पॅड तापतात, ग्लेझ होतात, आणि ऑइल जुनं असेल तर पेडल स्पंजासारखं लागतं.

मागच्या चाकांत डिस्क नाही, ड्रम आहे: गोल डबा, ज्याला आतून ब्रेक शू दाबले जातात. सकाळी गाडी हलवताना मागून "टक्" होऊन चाक सुटत असेल, तर ओले ब्रेक शू रात्रीतून ड्रमला गंजाने चिकटले आहेत. संध्याकाळी गाडी धुवून हँडब्रेक ओढून ठेवली की हेच होतं. धुवायची तर दुपारी, आणि मग पाच मिनिटं चक्कर मारून, ब्रेक लावत, आतलं पाणी वाळवायचं. पोर्चमधली जमीन सपाट आहे, तेव्हा थंडीत पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला पुढून-मागून वीट लावली की हँडब्रेकची गरज नाही. गिअरमध्ये आहे हे मात्र सकाळी चावी फिरवण्याआधी आठवा, आणि विटा काढायला विसरू नका. ते काम आईकडे द्या. मागून सतत करकर येत असेल तर ड्रम उघडून धूळ पुसायची आणि शू ज्या टेकूंवर घासतात तिथे ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. तेवढ्याने भागतं.

प्लास्टिकचं कव्हर काढून टाका. खालून जमिनीची ओल येते आणि आतच कोंडते. गाडीचं नाक भिंतीकडे करून पोर्चच्या छताखाली जितकी आत जाईल तितकी घ्या. वर छत असलं की दव बरंच कमी पडतं.

संक्रांतीला दतियाला जायचं म्हणताय. पीतांबरा पीठापर्यंत जाऊन येऊन दीडशे किलोमीटर, तेही हायवेने आणि सकाळच्या धुक्यात. त्याआधी मिस्त्रीकडे एकदा चारही चाकं उघडून घ्या. नवे पॅड पडले तर पहिले दोनशे किलोमीटर शहरात चालवून मग निघा. वर सांगितलेली 50 वरून 10 ची उतरंड पहिल्याच दिवशी केली की पॅड डिस्कवर नीट बसतात. अगदी पहिल्या काही ब्रेकांना पकड कमी वाटेल, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

चाकं उघडली की आतल्या आणि बाहेरच्या पॅडचा वेगवेगळा फोटो काढून पाठवा, शेजारी पट्टी धरून. चारही पॅडचे हवेत. जुने पॅड तिथे सोडू नका, पिशवीत घालून घरी आणा. बिल करण्याआधी मला फोन करा, मिस्त्रीशी मी बोलतो.

तुमचा,
मनू

ता. क. आई, गल्ली जागी होण्याचं थांबलं की नाही हे तू कळव. बाबा "थांबलं" असंच सांगणार.