बाजारतळासाठी कॉइल : मित्रास पत्र

अंबड,
मार्गशीर्ष, गुरुवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, याची खंत मनात होतीच. पण आज जे घडले ते दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो ‘नाणे किती रुपयांना जाईल?’ एवढेच विचारील, म्हणून जेवण उरकताच लिहायला बसलो. घरी सर्व ठीक आहे. आईचा गुडघा थंडीने दुखतो, औषध चालू आहे.

बाजारतळावरचा चिंचांखालचा जो पट्टा आपण दोघांनी आपल्या धातुशोधक यंत्राला मोठी कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, लावून आडवा-उभा फिरून काढला आणि आता येथे काही उरले नाही असे म्हणून सोडून दिला, त्याच पट्ट्यात आज हाली सिक्क्यातले, म्हणजे निजामी राज्याच्या चलनातले, दोन पैचे तांब्याचे नाणे निघाले. उस्मान अली खान निजामाच्या काळातले आहे. तुघ्रा, म्हणजे त्यावरची वळणदार अक्षरांची मुद्रा, अजून वाचता येण्याइतका शाबूत आहे. परभणीच्या एका परिचितांनी आपल्याच यंत्राला बसणारी सहा इंची कॉइल काही दिवस वापरायला दिली आहे, ती लावून मी सहज फिरत होतो. नाणे चार बोटेसुद्धा खोल नव्हते. दोन्ही बाजूंना बैलांच्या नालांचे खिळे होते आणि त्यातला एक तर गंजून नाण्याच्या काठालाच चिकटला होता. एवढ्या वरच्या थरातले तांबे आपल्या अकरा इंची कॉइलला दिसले नाही, कारण तिच्या पोटाखाली एकाच वेळी नाणे आणि ते सगळे खिळे येत होते. यंत्राने लोखंड ओळखले आणि ते गप्प राहिले.

तेव्हा प्रश्न असा आहे की ही उसनी कॉइल परत केल्यावर आपण कोणती विकत घ्यायची. यंत्र दोघांच्या पैशांचे आहे, जमीन तुमच्या घराण्याची आहे, आणि संक्रांतीनंतर तुझा चुलत भाऊ तेथे प्लॉट पाडण्यासाठी मुरूम पसरणार आहे. मुरूम पडला की पिढ्यान्‌पिढ्या जेथे आठवडी बाजार भरला ती माती कायमची झाकली जाईल. म्हणून हा निर्णय मला एकट्याने घ्यायचा नाही, आणि घाईने तर मुळीच घ्यायचा नाही.

तुझे म्हणणे मला पाठ आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांत पडलेली वस्तू पहिल्या पावसानंतर माती फुगून मिटली की हातभर खाली जाऊन बसते, म्हणून खोल पाहणारी मोठी कॉइलच हवी, असे तू पैठणच्या रस्त्यावर बसथांब्यावर उभा राहून इतक्या मोठ्याने सांगितले होतेस की शेजारच्या उसाच्या रसवाल्याने तुझी बाजू घेतली होती. काळ्या रानापुरते ते म्हणणे खरे आहे, आणि मी ते आजही खोडत नाही. पण बाजारतळाचा मोठा भाग काळीत नाही, पांढरीत आहे. गावठाणाची ती राखाडी, भुसभुशीत माती काळीसारखी फाटत नाही आणि तेथे कधी नांगरही फिरला नाही. त्यामुळे शंभर वर्षांत लोकांच्या कनवटीतून आणि बटव्यांतून जे सांडले ते बहुतेक वरच्या थरातच पडून आहे. तेथे अडचण खोलीची नाही, गर्दीची आहे. जेथे नालबंद बसत असे तेथे वीतभर जागाही खिळ्यावाचून सापडत नाही; त्यावर पुढच्या काळातली सोड्याच्या बाटल्यांची बुचे, गोळ्यांच्या पाकिटांची चमकी, गुटख्याच्या पुड्या, सायकलच्या तारा आणि दाढीची पाती येऊन पडली आहेत.

खात्री करण्यासाठी संध्याकाळी अंगणात फळी मांडली. फळीवर दोन पैचे ते नाणे ठेवले, त्याच्या आजूबाजूला त्याच खड्ड्यातले खिळे चार-चार बोटांच्या अंतराने मांडले आणि दोन्ही कॉइल आळीपाळीने, वेगवेगळ्या दिशांनी, जमिनीवर फिरवतो तितक्याच उंचीवरून फिरवल्या. मोठ्या कॉइलने नुसता लोखंडाचा घोगरा आवाज दिला. एका विशिष्ट कोनातून कधीतरी तांब्याचा बारीक सूर निघे, पण रानात त्याच्याकडे कोणी थांबून पाहिले नसते. लहान कॉइलने खिळा, नाणे, खिळा असे तीन आवाज वेगळे दिले आणि नव्वद अंशांनी वळून फिरवले तरी मधला सूर टिकला. मग मी एक खिळा सरकवून थेट नाण्यावर ठेवला. तेव्हा मात्र लहान कॉइलही अडखळली. लहान कॉइल चमत्कार करीत नाही. दोन वस्तूंमध्ये थोडीशी फट असली तरच तिला ती फट दिसते. आपल्या बाजारतळात अशा फटी पुष्कळ आहेत एवढेच माझे म्हणणे आहे.

याच संदर्भात आपला जुना वाद पुन्हा काढतो. तुला लोखंडाचा आवाज सहन होत नाही, म्हणून तू डिस्क्रिमिनेशन चढवून लोखंड पूर्ण बंद करतोस आणि शांततेत फिरतोस. पण यंत्र खिळा नाकारते तेव्हा क्षणभर तेही बहिरे होते, आणि त्या क्षणात शेजारचे नाणे निघून जाते. कचऱ्याच्या जागी लोखंड ऐकू येऊ द्यावे, यंत्राचा सावरण्याचा वेग वाढवावा, हात सावकाश फिरवावा आणि घोगऱ्या आवाजांमधून निसटणारा स्वच्छ सूर कानाने धरावा, हे मी तुला पूर्वीही सांगत होतो. पुड्या आणि चमकी कापण्यासाठी यंत्र धातूप्रमाणे जे आकडे दाखवते त्यांतले मधले बंद करावेत ही तुझी सूचना मी अर्धीच मानतो. तांबे आणि चांदी वरच्या आकड्यांवर येतात, ती वाचतील; पण तांबे-निकेलच्या आण्या आणि एखादी सोन्याची फुली त्याच मधल्या आकड्यांत असते. आणि बाटलीच्या बुचाचे तर काय सांगावे! पोलादाचे असूनही चपटे आणि गोल असल्यामुळे ते नाण्याच्या आकड्यावर चढते, आणि प्रत्येक बूच वर येईपर्यंत तू इंग्रजी राजवटीतला रुपया सापडल्यासारखा ‘कलदार, कलदार!’ असे ओरडत असतोस. तो ओरडा नसल्यामुळे बाजारतळ फार सुना वाटतो, हे मनापासून लिहितो.

आता पर्यायांविषयी. बुचे वेगळी ओळखायला आणि जागा नेमकी दाखवायला कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक गोल वेटोळ्यांची, कॉइल चांगली, हे मला मान्य आहे. पण तिचे क्षेत्र खाली निमुळते होत जाणाऱ्या शंकूचे असते आणि खनिज भरलेल्या मातीत ती लवकर गोंधळते. आपली जमीन बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झाली आहे, तिच्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण सर्वत्र आहेत. तेथे डबल-डी, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली कॉइलच हवी. डबल-डीचा शोधपट्टा पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सुरीच्या पात्यासारखा अरुंद असतो, त्यामुळे ती जमिनीचा कमी भाग एका वेळी पाहते. लहान कॉइलला हा फायदा आणखी मिळतो: तिच्याखाली माती कमी, म्हणून मातीचा गोंगाट कमी, म्हणून संवेदनशीलता थोडी वर ठेवता येते. मोठ्या कॉइलची जी खोली जाहिरातीत लिहिलेली असते तिच्यातली बरीचशी आपल्याकडची मातीच खाऊन टाकते.

मग उरते ती सहा इंची गोल किंवा नऊ बाय पाच इंची लंबगोल. माझी खरी काळजी येथे आहे आणि तिने मला झोप येऊ दिलेली नाही. संक्रांत जवळ आली आहे, बाजारतळ मोठा आहे, आणि सहा इंचीने एका फेरीत जेमतेम वीतभर पट्टा निघतो. लंबगोल कॉइल पुढून मागे लांब असल्यामुळे प्रत्येक झोक्याला अधिक जमीन घेते, तरी डावी-उजवीकडे अरुंद असल्यामुळे खिळ्यांत बरीच शिरते. चिंचेच्या मुळांमध्येही ती चांगली चालेल. तरीसुद्धा माझा कौल सहा इंचीला आहे. सगळा बाजारतळ अर्धवट पाहण्यापेक्षा नालबंदाची जागा, चिंचांची सावली आणि जेथे कापडवाले बसत तो ओटा, एवढेच नीट पाहावे. काळीकडच्या उताराला तुझी अकरा इंची लावू. तेथे कचरा कमी आहे आणि तुझ्या भेगांचा सिद्धांत तेथे लागू आहे. काम मात्र आताच व्हायला हवे, कारण सध्या ओल आहे आणि माती खुरप्याने निघते. माघ सरला की ती दगडासारखी होईल.

लहान कॉइलच्या बाजूने आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पांढर ही जुन्या वस्तीची माती आहे. तेर, पैठण, भोकरदन येथे अशाच मातीखालून सातवाहन काळ वर आला. आपल्या गावाखाली काय आहे ते अभ्यासकांनी रीतीने पाहावे, आपण खुरप्याने नव्हे. सहा इंची कॉइल वरच्या थरापुरतीच पाहते, आणि तेवढाच थर आपला. खापरे लागू लागली की मी खड्डा बुजवतो. पुरलेले धन निघालेच, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे असले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्याबाबत तुझ्या भावाशी आधीच स्पष्ट बोलून घे आणि त्याची संमती लेखी घे. मुरुमाच्या ट्रॅक्टरवाल्याला चिंचांकडची बाजू शेवटी घ्यायला सांगता येईल का, तेही विचार.

आबा सांगत ते आठवते ना, सात हालीला सहा कलदार, आणि त्या हिशेबात बाजारात होणारी भांडणे? 1959 मध्ये हाली चलन कायमचे बाद झाले. आज हातात आलेले दोन पै त्या भांडणांपैकी एखाद्यात कोणाच्या तरी हातून निसटले असतील, असे मला उगीच वाटत राहते. ते मी धुतले नाही, घासले नाही. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवले आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? मुलीची परीक्षा कधी आहे? वहिनींना नमस्कार, आणि काकूंच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले असल्यास तारीख कळव, मी येईन.

सहा इंचीला तुझा होकार असेल तर तुझ्या वाट्याचे पैसे सवडीने दे, मी सोमवारी मागणी नोंदवतो. लंबगोलच घ्यावी असे वाटत असेल तर रविवारच्या आत फोन कर. मात्र कारण सांग, नुसता आवाज चढवू नकोस. आणि शक्य असेल तर पौषात चार दिवसांची रजा काढ. काळीकडचा उतार मी तुझ्यासाठी ठेवला आहे, तेथे अजून पाऊल टाकलेले नाही.

तुझा,
बाजारतळाचा सोबती