मंत्रिमहोदय, अपिलाचं काय?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या वैद्यक परिषदेकडे द्यायचा तक्रार अर्ज तीन आठवडे आमच्या फ्रिजवर पडून आहे. सगळं भरून झालंय, सही तेवढी राहिली आहे. ती करण्याआधी तुम्हाला एक विचारायचं आहे.

आईचं पित्ताशय उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये दुर्बिणीने काढलं. चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. ‘होतं असं’ म्हणून डिस्चार्ज दिला. पुढे केईएममध्ये कळलं, पित्तनलिकेला इजा झाली होती. दुसरं ऑपरेशन करावं लागलं. अशी इजा चांगल्या सर्जनच्या हातूनही होऊ शकते, हे मला तिथे नीट समजावलं गेलं आणि पटलंही. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. पिवळे डोळे दिसत असताना घरी का पाठवलं, एवढंच विचारायचं आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेप्रमाणे उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. मला १९ दिवसांनी मिळाली. चौथ्या दिवसाच्या रकान्यात दोनच शब्द: ‘पेशंट बरी’.

ओळखीचे सगळे ग्राहक न्यायालयात जा म्हणतात. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ती वाट आहेच, आणि पैसे नकोत असंही नाही. पण तिथे भरपाई मिळेल. परिषद भरपाई देत नाही. ती ताकीद देऊ शकते, डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काही काळ किंवा कायमचं काढू शकते. ‘पेशंट बरी’ हे वाचून त्याच पेशातल्या माणसांनी प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं. डॉक्टरांचा न्याय डॉक्टरच करणार यावर लोक नाक मुरडतात. मला त्यात वावगं दिसत नाही. पित्तनलिका आम्हाला काय कळणार?

पण म्हणूनच वर दाद मागायची सोय हवी. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३० वाचलं. परिषदेची कारवाई मान्य नसेल तर डॉक्टरला आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाकडे अपील करता येतं, पुढे थेट आयोगाकडेही. तक्रारदाराचा त्या कलमात उल्लेखच नाही. ऑगस्ट २०२३मध्ये आचारसंहितेचे नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, म्हणजे पुन्हा २००२चेच. त्यांत तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावायचा आहे. तो माझ्या विरोधात गेला तर मी कुठल्या दाराशी उभा राहू?

कायदा केंद्राचा आहे, मान्य. तक्रारदाराला त्या कलमात आणा, असं पत्र राज्य सरकार दिल्लीला लिहू शकतं. राज्याचा १९६५चा परिषद कायदा मात्र आपल्याच विधिमंडळाचा आहे. निकालाची कारणांसहित प्रत तक्रारदाराला मराठीत मिळावी आणि तक्रार कुठल्या टप्प्यावर आहे ते त्याला न विचारता कळावं, एवढं तरी त्यात घाला. मुंबईत रजा टाकून चौकशीला जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

आई रोज विचारते, “केलीस का सही?” काल म्हटलं, मंत्र्यांचं उत्तर येऊ दे. ती नुसती हसली.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा, भांडुप