काकू, आईला तो एक प्रश्न विचारलात त्याबद्दल

प्रिय काकू,

आईला घरी पाठवायच्या तिकिटासाठी तुम्ही जी मदत केलीत त्याबद्दल हे पत्र. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत म्हणून नुसतं काकू लिहितेय. पण पत्र मात्र सगळ्यांना दिसेल असंच लिहिणार, कारण कॅनडातून घरी जायचं तिकीट शोधत रात्ररात्र मोबाईल खाजवत बसणारी माझ्यासारखी खूप माणसं आहेत, आणि तुमच्याआधी आम्हाला ज्यांनी ज्यांनी फिरवलं त्यांच्यातलंही कुणी वाचलं तर वाचू दे.

आई साताऱ्याला नीट पोचली. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर धरून चार पावलं टाकतात, आई शेजारी उभी राहून ओरडते, बाबा चिडतात, म्हणजे सगळं ठीक चाललंय. हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, पण तेव्हा मला रडूच आवरेना आणि खरं बोलायचं ते राहून गेलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आई माझ्या बाळंतपणासाठी विनिपेगला आली होती, परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. जानेवारीत बाबा बाथरूममध्ये घसरून पडले. दादाचा फोन आला तेव्हा आई डिंकाचे लाडू वळत होती, तिने हात धुतले आणि म्हणाली मला जायचंय. बस, एवढंच. मी सोबत जाऊ शकत नव्हते, टाके ओले, बाळाचा ना पासपोर्ट ना व्हिसा, नवऱ्याची नोकरी नवी, रजा मिळणं शक्य नाही. म्हणजे आईने एकटीने जायचं. गुडघे दुखणारी, इंग्रजी न येणारी, येताना पुण्याच्या एका कुटुंबाच्या सोबतीने आलेली माझी आई.

विनिपेगहून भारताला थेट विमान नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये भारत आणि कॅनडात करार झाला की दोन्हीकडच्या कंपन्यांनी हव्या तितक्या फेऱ्या कराव्यात, पण मॅनिटोबातल्या, म्हणजे विनिपेग ज्या प्रांतात आहे तिथल्या, माणसाला त्याचा काय उपयोग. एमिरेट्स कॅनडात येतं ते टोरांटो आणि मॉन्ट्रियलला, तिथपर्यंत आपलं आपण पोचायचं. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली तेव्हापासून त्यांची विमानं वळसा घालून जातात, वेळ जास्त, इंधन जास्त. शिवाय कॅनडातले मोठे विमानतळ केंद्र सरकारला जागेचं भाडं भरतात आणि ते फिरून आपल्याच तिकिटातून वसूल होतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं, मी तोवर सगळा दोष एअरलाइनलाच देत होते. त्या आठवड्यात एकेरी तिकीट 1800 डॉलरच्या खाली कुठेच दिसत नव्हतं. बाळंतपणासाठी मी बिनपगारी रजेवर, घरात एकच पगार, आणि बाबांच्या ऑपरेशनलाही पैसे पाठवायचे होते.

आता ज्यांनी फिरवलं त्यांचं. एका एजंटने अमेरिकेतल्या मिनियापोलिसवरून जाणारं स्वस्त तिकीट काढलं आणि लगेच पैसे भरा, भाव वाढेल, म्हणून तासातासाला मेसेज. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे ज्याचा धंदा आहे त्याला माहीत नसेल का? त्याने एकदाही विचारलं नाही की आईंकडे तो व्हिसा आहे का. शेवटच्या क्षणी माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं म्हणून वाचलो, नाहीतर आईला विनिपेगच्या काउंटरवरूनच परत पाठवलं असतं आणि पैसेही गेले असते. दुसरा एक, त्याने सांगितलेला भाव एक आणि कार्ड मागताना भाव दुसरा, टॅक्स म्हणे वेगळा. कॅनडात डिसेंबर 2012 पासून नियम आहे की विमान भाड्याच्या जाहिरातीत टॅक्स आणि सगळ्या फी धरूनच आकडा दाखवायचा. त्यावर त्याने व्हीलचेअरचेही पैसे लावले होते, जी एअरलाइन फुकट देते! ओंटारिओ, क्युबेक आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत निदान ट्रॅव्हल एजंटसाठी वेगळा कायदा आहे, फसवणूक झाली तर तक्रारीला जागा आहे, भरपाईचा फंड आहे. आमच्या मॅनिटोबात तसं काही नाही.

आणि सगळ्यात जास्त लागलं ते ज्या साइटवरून दादाने आईचं रिटर्न तिकीट काढलं होतं तिथल्या माणसाचं. अर्धा तास गाणं ऐकवून मग म्हणाला तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, काही होणार नाही. मी म्हटलं अहो माझे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत. तर म्हणाला, "डेथ सर्टिफिकेट आहे का?" मी नाही म्हटलं. "मग सॉरी मॅडम." काकू, माझ्या मांडीवर बाळ होतं, पलीकडे आई बॅग भरत होती, आणि मला ते वाक्य आईला ऐकू जाऊ नये म्हणून फोन छातीशी दाबून धरावा लागला. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. त्याच्यासमोर स्क्रीनवर जे लिहिलं असेल ते त्याने वाचलं असेल, पण आवाज तर त्याचा स्वतःचा होता ना.

मग तुम्ही. माझ्या मैत्रिणीच्या जावेच्या ओळखीच्या, कॅनडातल्याच एडमंटनच्या, आयुष्यभर एअरलाइनच्या तिकीट काउंटरवर काम करून रिटायर झालेल्या. आपण एकमेकींना कधी बघितलेलंही नव्हतं. मी बिचकत मेसेज टाकला आणि पाच मिनिटांत तुमचाच फोन आला, आणि पहिलं वाक्य काय तर "बाळ झोपलंय का, हळू बोलू का?"

तुम्ही बजेट विचारलंच नाहीत. म्हणालात, आईंकडे परतीचं तिकीट असेल ना गं, ते पाठव मला आधी. सगळे नवीन तिकीट विकायला बसले होते, हातातल्या तिकिटाकडे कुणी बघितलंच नव्हतं. तुम्ही त्याचे फेअर रूल, म्हणजे भाड्याच्या अटी, वाचलेत आणि सांगितलंत की पैसे परत मिळणार नाहीत हे खरं, पण तारीख बदलता येते, दंड अमुक आणि भाड्यातला फरक भरायचा. मग कुठल्या दिवशी त्याच क्लासची, म्हणजे त्याच भाड्याच्या गटातली, जागा शिल्लक आहे ते शोधायला लागलात, कारण म्हणे एकाच विमानात एकाच रांगेतल्या सीटचे पाच-सहा भाव असतात आणि एक दिवस इकडेतिकडे केला की फरक निम्म्यावर येतो. तसंच झालं. कुणाला फोन करायचा, काय म्हणायचं, पहिल्याने नाही म्हटलं तर फोन ठेवून दुसऱ्याला लावायचा, हे सगळं तुम्ही सांगत गेलात आणि नवरा करत गेला, त्याचं पुराण इथे लावत नाही. साडेचारशे डॉलरच्या आत आई त्याच आठवड्यात निघाली, विनिपेग, टोरांटो, दिल्ली, पुणे, सगळं एका तिकिटावर.

नवऱ्याने मधे सुचवलं होतं की टोरांटोपर्यंत वेगळं स्वस्त तिकीट काढू आणि पुढे फ्रँकफर्टवरून दुसरं. तुम्ही एकदम आवाज चढवलात. जानेवारीत, विनिपेगहून, वेगवेगळ्या तिकिटांवर? पहिलं विमान बर्फामुळे चार तास लेट झालं तर दुसरी एअरलाइन म्हणेल तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडालं, आणि आई टोरांटोला बॅगा घेऊन उभ्या. आणि फ्रँकफर्टला आई कुणाशी बोलणार? दिल्लीत निदान हिंदी बोलतील, विमान बदलायचं तेही त्याच टर्मिनलमध्ये. अजून एक तारीख होती, शंभरेक डॉलरने स्वस्त, पण तिच्यात टोरांटोला रात्रभर थांबायचं होतं. तुम्ही ती आम्हाला दाखवलीत आणि म्हणालात ही घेऊ नका, साठी उलटलेल्या बाईने खुर्चीत रात्र काढायची नसते. त्या शंभर डॉलरमध्ये तुमचं काय जाणार होतं? काही नाही. तुम्ही तर फी पण घेतली नाहीत.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते पुढेच आहे. सगळं झाल्यावर, तुमच्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले, आमच्याकडे बारा, तुम्ही म्हणालात, "आईंना दे फोन." मला वाटलं धीर देणार असाल. आई स्पीकरवर. तुम्ही तिला विचारलंत जिना चढता येतो का, की नुसतं लांब चालवत नाही, कारण व्हीलचेअरची मागणी टाकताना दोन्हीचे कोड वेगळे असतात आणि चुकीचा टाकला तर बसमधून विमानाशी नेऊन शिडीपाशी सोडतात. आम्ही नुसतं व्हीलचेअर म्हणून मोकळे झालो असतो. मग तुम्ही जरा थांबलात आणि विचारलंत, "ताई, येताना पाणी प्यायलात का हो विमानात?"

आई गप्प. मी तिच्याकडे बघतेय. मग हळूच म्हणाली, नाही प्याले.

आणि मग सगळं बाहेर आलं. येताना व्हीलचेअर ढकलणारा पोरगा होता, अनोळखी, घाईत, त्याला थांबवून बाथरूमला जायचंय असं सांगायची तिला लाज वाटली, आणि पुन्हा पुन्हा सांगायला लागू नये म्हणून तिने पुण्यापासून विनिपेगपर्यंत घोटघोटच पाणी प्यायलं होतं. सोबतच्या कुटुंबालाही बोलली नाही. आल्यावर दोन दिवस डोकं दुखत होतं तिचं, पाय सुजले होते, आम्ही जेटलॅग म्हणत होतो. माझी सख्खी आई, माझ्याच घरात इतके आठवडे, आणि हे तिने पहिल्यांदा सांगितलं ते कधी न भेटलेल्या बाईला, फोनवर, कारण त्या बाईने विचारलं.

तुम्ही हसला नाहीत, बिचाऱ्या वगैरे म्हणाला नाहीत. सरळ सांगितलंत की खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायचं, "भैया, पहले बाथरूम," ते थांबतात, त्यांचं ते रोजचंच काम आहे, आणि बाई हवी असेल तर बाई द्या म्हणायचं, मिळाली तर मिळाली, मागायला काही जात नाही. विमानात आइल सीट, म्हणजे जायच्या वाटेकडेची, करून दिलीत, टॉयलेटच्या जवळची पण अगदी लागून नाही. आणि तिच्याकडून ते वाक्य दोनदा म्हणून घेतलंत. आई लाजत लाजत म्हणाली आणि मग हसली. बाबा पडल्याचा फोन आल्यापासून पहिल्यांदा हसली ती.

काकू, काउंटरवर इतकी वर्षं काढून हजारो माणसं बघूनही तुम्हाला अजून माणूस दिसतो, ही गोष्ट मला खूप मोठी वाटते. तिकीट आता कुणीही शोधतं, अॅप आहेत, अलर्ट आहेत, चॅटबॉट आहेत. 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या सिव्हिल रिझोल्यूशन ट्रिब्युनलने (छोटे दावे ऐकणारं न्यायमंडळ) एअर कॅनडाला भरपाई द्यायला लावली ती त्यांच्या चॅटबॉटमुळेच, आजी गेलेल्या एका प्रवाशाला त्याने दुःखाच्या प्रसंगी मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीचं सांगितलं होतं. कंपनीचं म्हणणं होतं की चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, ट्रिब्युनलने ते मानलं नाही, बरं केलं. घरच्या काळजीने अर्धमेला झालेला माणूस तिकडे प्रश्न विचारत असतो आणि तेव्हा खरं सांगणारं, नीट ऐकून घेणारं कुणीतरी हवं असतं. आपल्या लोकांत अशी माणसं आहेत, परदेशात आल्यावर मला ती जास्त भेटली, पहिल्या हिवाळ्यात नवऱ्याला स्वतःचं जॅकेट देणारे शेजारी, डिलिव्हरीच्या रात्री डबा घेऊन आलेली फिलिपिनो नर्स. ही माणसं नसती तर इथे राहणं मला जमलं नसतं, खरंच सांगते.

दिल्लीचं सांगायचं राहिलं. तिथे आईला खरंच एक मुलगी मिळाली व्हीलचेअरला, हरियाणाची, आईने तुमचं वाक्य "भैया"च्या जागी "बेटी" घालून म्हटलं. बॅगा तिथे उतरवून घेऊन कस्टम करून पुन्हा द्यायच्या होत्या, ते त्या मुलीनेच करवून घेतलं. पुण्याला दादा आला होता. गाडीत बसल्या बसल्या आईने फोन केला, बाबांचं विचारलं आणि म्हणाली, त्या एडमंटनच्या ताईंना सांग, मी दोन बाटल्या पाणी प्याले.

एक विचारायचं होतं. माझ्याकडे दोघीजणींनी तुमचा नंबर मागितलाय. मी दिलेला नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही, तुम्ही काही हे काम म्हणून करत नाही हे मला माहितीये. एकीला नुसतं डिसेंबरचं स्वस्त तिकीट हवंय, तिला मी सांगितलं की आत्तापासून भाव बघत राहा. पण दुसरी इथल्याच, कॅनडातल्या रेजायनाची आहे, तिच्या सासऱ्यांना डायलिसिस सुरू झालंय आणि त्यांना नागपूरला परत न्यायचंय, तिकडेही सगळे नुसते भाव सांगतायत. तिला दिला तर चालेल का? नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा, मला अजिबात वाईट वाटणार नाही.

आईने तिच्या वहीत तुमचा पत्ता लिहून ठेवलाय, उन्हाळ्यात दादाचा मित्र एडमंटनला येतोय त्याच्याबरोबर कंदी पेढे पाठवणार म्हणतेय. नाही म्हणू नका, ती ऐकणार नाही.

तुमची,
विनिपेगची बाळंतीण