दोन्ही गोल साताऱ्याचे, करंडक ओडिशाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ जानेवारी २०२५ला रांचीत महिला हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. मुलींसाठी ही लीग त्या हंगामात प्रथमच भरली. ओडिशा वॉरियर्सने सूरमा हॉकी क्लबला २-१ असं हरवलं, आणि ओडिशाचे दोन्ही गोल सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने केले. दुसरा तर सामना संपायला थोडीच मिनिटं राहिलेली असताना. मी घरी एकटीच टीव्हीसमोर होते. टाळ्या वाजवल्या आणि लगेच चिंचवडला मैत्रिणीला फोन लावला. आमच्या शाळेच्या संघात ती राइट-इन खेळायची, मी लेफ्ट हाफ. तीही सामना बघत होती. दोघींना धड बोलता येईना.

२७ तारखेला सुट्टीमुळे अंक नव्हता. २८ला सकाळी चहा गॅसवर ठेवून मी खेळाचं पान उघडलं. माझ्याकडे दोन वर्तमानपत्रं येतात. एकात ही बातमी नव्हती. दुसऱ्यात चार ओळी होत्या, त्यांत ऋतुजाचं नाव नव्हतं. कोणती वर्तमानपत्रं ते लिहीत नाही, मला भांडण काढायचं नाही. पण त्या सकाळपासून मनात जे घोळतंय ते लिहिल्याशिवाय राहवेना.

मी खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात टर्नर होते. कारखान्याचा भोंगा झाला की सायकली बाहेर पडत आणि त्यातल्या निम्म्या घरी न जाता मैदानाकडे वळत. मैदान मुरमाचं. पडलं की गुडघा सोलवटायचा आणि खडे निघेपर्यंत आई बोलत राहायची. १९७५ साली क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या चाळीत दोनच रेडिओ होते आणि सगळी चाळ त्या दोन खिडक्यांखाली उभी होती. पुढे १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये मुलींनी सुवर्ण जिंकलं. त्या संघाची कर्णधार एलिझा नेल्सन, जन्म पुण्याचा. त्या आठवड्यात बाबांनी मला पहिली नवी स्टिक आणून दिली. त्याआधी भावाची, टोकाला सुतळी गुंडाळलेली वापरायचे.

धनराज पिल्ले याच खडकीचा, हे पुण्यात बहुतेकांना ठाऊक आहे. भारताकडून चार ऑलिंपिक, चार विश्वचषक खेळलेला हॉकीपटू. मोडक्या स्टिक जोडून तो खेळायला शिकला, हेही लोक सांगतात. पण लोक ती एका माणसाची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हाला ती एका वस्तीची वाटते. त्या मैदानावर स्टिक घेऊन उतरणारी पोरं शेकड्यांनी होती. एक धनराज झाला, बाकीची कारखान्यात, रेल्वेत, लष्करात लागली आणि रविवारी खेळत राहिली.

आता २०१२बद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण तो संघ आज कुणाला आठवत नाही. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची स्पर्धा झाली होती. आठ शहरांचे आठ संघ, प्रत्येकाचे चौदा साखळी सामने, मग पहिल्या चौघांत उपांत्य फेरी. आपला संघ होता पुणे स्ट्रायकर्स. स्पर्धा २९ फेब्रुवारीला सुरू झाली, म्हणजे सबंध मार्च महिना. मी बँकेत होते. मार्चअखेर म्हणजे काय ते बँकवाल्यांनाच विचारा. रात्री नऊच्या आत मी घरी पोचत नव्हते. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बाहेर पडणं बंद. त्यांनी एक शंभरपानी वही केली. डाव्या पानावर गुणतक्ता, उजव्या पानावर माझ्यासाठी सामन्याचा वृत्तांत. कुठल्या मिनिटाला गोल, मैदानी की पेनल्टी कॉर्नरवर, चूक कुणाची. मी आल्यावर जेवायला बसायचे आणि ते चष्मा लावून वाचून दाखवायचे. भात निवायचा. आई असती तर ओरडली असती.

त्या स्पर्धेत सत्तर मिनिटांच्या सामन्याचे साडेसतरा मिनिटांचे चार भाग केले होते. बाबांना ते अजिबात पटलं नव्हतं. पस्तीस मिनिटं सलग पळायची सवय असलेल्या माणसाचा दम त्यात दिसत नाही, म्हणायचे. आता सगळीकडेच चार भाग झालेत, पंधरा-पंधरा मिनिटांचे.

धनराज त्या स्पर्धेत खेळला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पण कर्नाटक लायन्सकडून. आमच्या घरात तो मोठाच पेच झाला. खडकीचा पोरगा समोर आणि पाठीवर पुण्याचं नाव नाही. मी बाबांना विचारलं, तुम्ही कुणाकडून? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "धनराज आपला आहेच गं. पण हरायचं नाही आपण." त्या वाक्यात ‘आपला’ आणि ‘आपण’ दोन्ही आले आणि ते दोन वेगळे होते. धनराजला ते जन्मभर आपला म्हणत आले. पण ‘आपण’ हा शब्द त्यांनी भारताच्या संघाशिवाय दुसऱ्या कुठल्याही संघासाठी तोवर वापरला नव्हता. त्या महिन्यात तो रोज ऐकू येऊ लागला. आपली बचावफळी पुढे जास्त जाते. आपण कॉर्नर मिळवतो आणि वाया घालवतो. आज आपल्याला गुण हवेतच. स्ट्रायकर्समधली पोरं कुठल्या कुठल्या राज्यांतली होती, परदेशीही होते. बाबांना त्याचं काही नव्हतं. छातीवर पुणे लिहिलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

उपांत्य फेरी आपण जिंकली. शेजारच्या तीन घरांतली माणसं त्या रात्री आमच्याकडे होती. त्यातली दोन घरं तोवर फक्त क्रिकेट बघणारी. अंतिम सामना मुंबईला महिंद्रा स्टेडियमवर, २ एप्रिलला. सोमवार होता. बाबांना घेऊन जायचं माझ्या फार मनात होतं. डेक्कन क्वीनने जाता आलं असतं, पण चर्चगेटजवळच्या त्या स्टेडियमच्या पायऱ्या त्यांच्याच्याने झाल्या नसत्या. त्या दिवशी मी साहेबांना सांगून लवकर निघाले. शेर-ए-पंजाबने आपल्याला ५-२ हरवलं. शेवटच्या काही मिनिटांत शेजारी एकेक करून उठले. बाबा शिट्टी होईपर्यंत बसले, वहीत दोन्ही बाजूंचे सगळे गोल लिहिले आणि खाली तारीख घातली. मला म्हणाले, "पुढच्या वर्षी गुडघा बरा असेल. तेव्हा मैदानावर जाऊ."

पुढचं वर्ष आलं नाही. त्या स्पर्धेला आंतरराष्ट्रीय महासंघाची आणि देशातली हॉकी चालवणाऱ्या हॉकी इंडिया या संस्थेची मान्यता नव्हती. वाद आधीपासून होते. दुसरा हंगाम झालाच नाही. एकोणसाठ सामन्यांचं आयुष्य होतं त्या स्पर्धेचं तेवढं. त्यातही आपला संघ शेवटच्या दोघांत होता, हे मी आजही अभिमानाने सांगते. २०१३पासून हॉकी इंडिया लीग सुरू झाली. तिच्यात मुंबईचा संघ होता. बाबा तो बघायचे. २०१७ला दबंग मुंबई अंतिम फेरीत कलिंगा लान्सर्सकडून ४-१ हरली, तो सामनाही त्यांनी पाहिला. पण वहीत लिहिला नाही. मग ती लीगही सात वर्षं बंद पडली आणि त्याच काळात बाबा गेले.

२०२४च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली. त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते. ओडिशा, बंगाल, तमिळनाडू, हैदराबाद, दिल्ली, उत्तर प्रदेश आणि आणखी दोन. महाराष्ट्राचा एकही नव्हता. १ फेब्रुवारी २०२५चा राऊरकेलातला अंतिम सामना मी पाहिला. बंगालने हैदराबादला ४-३ हरवलं, जुगराज सिंगने तीन गोल केले. फार देखणा सामना होता. पण कोण हरावं, कोण जिंकावं, असं मला काही वाटत नव्हतं. खेळ आवडणं वेगळं आणि संघ असणं वेगळं. संघ असला की साखळीतला मंगळवारचा बिनमहत्त्वाचा सामनाही पोटात गोळा आणतो. गुणतक्त्यात दुसऱ्याच कुणाच्या निकालावर आपलं काय होणार, याची गणितं माणूस बसमध्ये करत राहतो. हे मी २०१२च्या मार्चमध्ये अनुभवलंय, कर्जखात्यांचे आकडे जुळवता जुळवता.

मुलींच्या लीगबद्दल एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. सुरुवातीला तिच्यात सहा संघ असतील असं जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात चार उतरले. दोन जागा रिकाम्या राहिल्या. आणि त्याच लीगची अंतिम लढत आपल्या राज्यातल्या मुलीने जिंकून दिली, दुसऱ्या राज्याला. ऋतुजाने केलं ते योग्यच केलं. ज्यांनी तिला घेतलं त्यांच्यासाठी ती जीव तोडून खेळली. तिच्यावर माझा काडीचाही राग नाही, आणि ओडिशावर तर मुळीच नाही. त्या राज्याने २०१८पासून भारताच्या दोन्ही संघांचं प्रायोजकत्व घेतलं. राऊरकेलाला सुमारे वीस हजार आसनांचं मैदान बांधलं, तेही पोलाद कारखान्याच्या गावात, आमच्या खडकीसारख्याच कामगारवस्त्यांच्या मधोमध. सुंदरगड जिल्ह्यातल्या खेड्यांत पोरं बांबूच्या काठीने खेळत होती तेव्हापासूनची ती आवड आहे, आणि सरकारने ती ओळखली. त्याच जिल्ह्यातले दिलीप तिर्की २०२२ साली हॉकी इंडियाचे अध्यक्ष झाले.

आपल्याकडे काय नाही? पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे. बालेवाडीला क्रीडासंकुल आहे. चाकण ते रांजणगाव कारखान्यांची रांग आहे, ज्यांच्या फाटकावरच्या नावांनी क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. मुलीही आहेत. मार्च २०२४मध्ये महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा नेहरूनगरला झाली आणि महाराष्ट्राच्या मुली थेट अंतिम फेरीत गेल्या. मला ती स्पर्धा आपल्या गावात चालली आहे हेच उशिरा कळलं, तेही शेजारच्या मुलीकडून. अंतिम सामन्याला मी गेले. मार्चचं ऊन, टर्फवर पाणी मारलेलं, त्याचा तो ओला वास. चेंडू आमच्या मुरमावर कधी गेला नाही इतका सरळ आणि वेगात जात होता. हरयाणाने ३-० हरवलं. हरयाणाच्या मुली सरस होत्या, यात वाद नाही. पण आपल्या मुली तिसऱ्या गोलनंतरही पाठ दाखवत नव्हत्या आणि मी घसा बसेपर्यंत ओरडले. ‘आपण’ हा शब्द बारा वर्षांनी माझ्या तोंडून आपसूक निघाला, ते मला घरी येताना बसमध्ये जाणवलं. मोठी मोकळी गॅलरी मात्र डोळ्यांपुढून जाईना. शाळांच्या परीक्षा होत्या, ऊन होतं, सगळं खरं. पण सामना आहे हे ज्यांना कळलंच नाही ते कसे येणार?

म्हणून दोन विनंत्या. पहिली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या उद्योगपतींना. मुलींच्या लीगमधली एक जागा पुण्यासाठी घ्या. संघाचं नाव काहीही ठेवा, फक्त त्यात पुणे असू द्या. ऋतुजा पिसाळ, वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे अशी नावं या राज्यातून निघाली आहेत. या मुलींना स्वतःच्या भाषेत ओरडणारा प्रेक्षक मिळायला हवा. पुरुषांचा संघ नंतर येईल. मुलींपासून सुरुवात झाली तर मला जास्त आनंद होईल, हे लपवत नाही. मी ज्या काळात खेळले तेव्हा बारावीनंतर मुलीने स्टिक ठेवून द्यायची असा नियमच होता जणू. माझी माळ्यावर गेली ती तशीच आहे.

दुसरी विनंती आपल्याला, संपादक महोदय. लीगचा पुढचा हंगाम सुरू होईल तेव्हा महिलांचा गुणतक्ता रोज छापा. जागा फार लागत नाही. बाबांच्या वहीत तो चार बोटांत मावायचा. नेहरूनगरला सामने असतील तर आदल्या दिवशी वेळ छापा, जिल्हा लीगचे असले तरी. सध्या महिलांच्या तक्त्यात चारच ओळी होतात. पाचव्या ओळीची जागा ठेवा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
खडकी, पुणे