स्पीकर विकू का?

प्रिय विज्या,

इतके महिने पत्र नाही, फोन नाही, म्हणून घातलेल्या शिव्या इथवर पोहोचल्या. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, आईचं बीपी गोळीवर आहे. आता मुद्द्याचं. हे नंदूला सांगावं तर तो ब्लूटूथचा डबा घे म्हणेल आणि घरात विषय काढायची सोय नाही, म्हणून तुझ्या गळ्यात.

जुना अ‍ॅम्प्लिफायर गेला. डाव्या चॅनेलची खरखर तू ऐकली होतीसच. आता कपॅसिटर फुगलेत आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर मिळत नाहीत. म्हटलं, शेवटचाच घ्यायचा तर चांगला घेऊ. ('शेवटचा' वाचून हसू नकोस.) ऐकून ठरवायला घरी दोन आणून ठेवलेत. एक ट्रान्झिस्टरचा, क्लास एबी, 8 ओहमला 150 वॉट, 4 ओहमला 290. उचलताना कंबर आठवली. दुसरा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, सिंगल-एंडेड, चॅनेलमागे 300बी नावाचा एकच व्हॉल्व्ह. वॉट किती? 8. आता हस.

पण विज्या, त्यावर बाईंचा विलंबित ख्याल लावला आणि स्पीकर जागेवरून गेलेच. दोघांच्या मधोमध कुणीतरी बसून गात होतं. तंबोऱ्याच्या तारा एकेक वेगळ्या ऐकू आल्या, जवारीसकट. मी तसाच बसून राहिलो, बाजू बदलायची शुद्ध नाही. मग सुचलं काय, तर तबल्याचं सोलो लावलं, आवाज थोडा वर नेला, आणि डग्ग्याच्या पहिल्याच मोठ्या ठोक्याला घुमाऱ्याऐवजी नुसतं धप्प. पाठोपाठ चाटीही बोथट झाली.

तुझ्या सवयीने हिशेब मांडला. आपल्या स्पीकरच्या कागदावर 86 डेसिबल लिहिलंय, पण ते 2.83 व्होल्टला. एवढ्या व्होल्टला 8 ओहमचा स्पीकर 1 वॉट घेतो, आपला 4 ओहमचा 2 घेतो. म्हणजे 1 वॉटला खरे 83 च. वॉट दुप्पट केले की 3 डेसिबल वाढतात, म्हणजे 8 वॉटला 92, तेही मीटरभर अंतरावर. मी बसतो तीन मीटरवर. तिथे येईपर्यंत सहा-सात गळतात, दुसरा स्पीकर तीनेक परत देतो, म्हणजे कमाल 88-89. आणि जिवंत रेकॉर्डिंगमधले ठोके सरासरीपेक्षा 15-20 डेसिबल वर उसळतात. मग डग्गा बिचारा काय करणार! उलट 290 वॉट म्हणजे 36 पट ताकद, पण 8 वॉटपेक्षा आवाज वाढतो साडेपंधरा डेसिबलच. कानाला दुप्पट वाटायलाच दहा लागतात, त्यामुळे मोठ्या आकड्याचीही फार मिजास नको. खरी गोम अशी की हा स्पीकर खर्जात 3 ओहमच्याही खाली उतरतो, आणि तिथे करंट पुरवणारा पॉवर सप्लाय लागतो. ट्रान्झिस्टरवाला 4 ओहमला जवळजवळ दुप्पट देतो, त्यावरूनच त्याची छाती कळते. तबला त्याच्यावर असा वाजला की शेजारच्यांनी दार वाजवलं. बाई मात्र पुन्हा स्पीकरात जाऊन बसल्या.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. तो गोडवा म्हणजे दुसरा हार्मोनिक, मूळ सुरात व्हॉल्व्हने मिसळलेला दुप्पट कंपनांचा सूर. फीडबॅक नसलेल्या व्हॉल्व्हचा आउटपुट इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात तोच) मोठा, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स जिथे चढतो-उतरतो तिथे आवाजही चढतो-उतरतो, आणि त्यालाच मी जिवंतपणा म्हणतो. असेल. मग तोच मला आवडतो. आणि ती चादरीखाली झाकून कुठला वाजतोय ते ओळखायची परीक्षा काढू नकोस. मीटर लावून दोन्हींचे आवाज 0.1 डेसिबलच्या आत जुळवलेस, कारण अर्धा डेसिबल जास्त असलेलाच माणसाला 'मोकळा' वाटतो, इथपर्यंत मान्य. पण डिस्क तू निवडली होतीस, त्यामुळे निकाल बरोबरीत, हे मी आजही म्हणतो.

सुहासकाकांनी क्लास डी, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा, घेतलाय. वहीएवढा, तापतही नाही. तासभर ऐकला. एक खोट काढता आली नाही, त्याचाच राग आला. केटी88 व्हॉल्व्हच्या जोडीचा पुश-पुल घे, चाळीसेक वॉट मिळतील, 4 ओहमच्या स्पीकरसाठी वेगळा टॅपही असतो, हा मधला मार्ग नंदूने सुचवला, म्हणून बाद.

खरं दुखणं पुढेच आहे. 300बी ठेवायचा तर स्पीकर बदलावे लागतील: 1 वॉटला 95 डेसिबलच्या वरचे, हॉर्नवाले, इम्पीडन्सला सरळ. म्हणजे हे विकायचे. त्या भांडणानंतर आपण आणलेले. परवा मागचं झाकण उघडलं तर क्रॉसओव्हरवर (खर्ज-तार वेगळे करणाऱ्या सर्किटवर) तुझं सोल्डरिंग तसंच चकचकीत, आणि एका कॉइलखाली तू घातलेला बसच्या तिकिटाचा तुकडा. तुला न विचारता विकवत नाही, आणि विचारलं की तू नाही म्हणणार. म्हणजे विचारतानाच मी ट्रान्झिस्टरवाला घेतोय की काय, हेही कळेना.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, झकास. पोरीचं कॉलेजचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार. घराचं काम संपलं की नाही तेही लिही.

सोमवारी दोन्ही परत न्यायला माणूस येणार आहे. शनिवारी ये, मीटर घेऊन ये. चादर मी टाकतो, पण डिस्क या वेळी माझी.

तुझा,
अव्या