टीव्ही तिथेच राहू दे, डिस्क आण

श्टुटगार्ट, रविवार

ती. दादा आणि वहिनींस,
सा. न. वि. वि.

काल आई म्हणाली, तुम्ही इकडे जर्मनीत राहायला येताना आणायचा म्हणून दिवाळीत घेतलेला टीव्ही पॅक करायला माणूस बोलावलाय. दादा, त्या माणसाला आधी थांबव, मग पुढचं वाच. फोनवर हे सांगायला लागले की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि विषय बुडतो, म्हणून सरळ लिहायला बसले.

तुला सगळ्यात जास्त भीती विजेची. ती काढून टाक. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ, इथेही तेच. अडचण फक्त पिनेची. आपली जाड तीन पिनांची इथल्या गोल, आत गेलेल्या सॉकेटमध्ये शिरत नाही. डीव्हीडी प्लेअरची बारीक दोन पिनांची मात्र नीट बसते. वहिनी, तुमचा भाऊ अमेरिकेत एडिसन गावाला चाललाय ना, त्याला यातलं काही लागू नाही. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ, चपट्या पिना. शिवाय तिथली जुनी चित्रपद्धत एनटीएससी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं; आपली पाल, म्हणजे २५. त्याने काहीही उचलण्याआधी मागच्या स्टिकरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघावं. नुसतं २२०-२४० असेल तर ती वस्तू तुमच्याकडेच ठेवावी.

बरं, वीज जुळली म्हणून टीव्ही आणायचा का? मी नाही म्हणते. जहाजाने सामान यायला कित्येक आठवडे, त्यात त्रेचाळीस इंची पातळ काच. फुटली तर विम्याच्या कागदांशी झुंजत बसायचं, तेही जर्मनमध्ये. आणि एवढं करून तो इथे आला की तो नुसता पडदाच. तुमचा सेट-टॉप बॉक्स इथे मुकाच राहणार, कारण त्याचा उपग्रह भारताकडे तोंड करून बसलाय. इथली केबल आणि इथला उपग्रह दोन्ही निराळे. साध्या अँटेनावरचं प्रसारण तर २०१७ पासून डीव्हीबी-टी२ एचडी या नव्या पद्धतीचं झालं, ते टीव्हीतल्या ट्यूनरला, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या भागाला, समजायला हवं. बाहेरचं यंत्र जोडायचं एचडीएमआयचं भोक जगभर सारखंच, तेवढं चालेल. पण तेवढ्यासाठी पडदा समुद्रातून आणायचा? इथे घर बदलणारी माणसं चांगले चालू टीव्ही किरकोळ किमतीला देऊन टाकतात. मी एक बघून ठेवते.

तरी आणायचाच हट्ट असेल (वहिनी, मला माहितीये हट्ट कोणाचा आहे), तर बिल सांभाळा. घरसामान म्हणून करमुक्त आणायचं तर वस्तू आधी किमान सहा महिने वापरात हवी, आणि आणल्यावर वर्षभर विकता येत नाही. जूनपर्यंत तुमचे सहा महिने भरतात, पण कस्टमवाल्याला ते कागदावर दिसायला हवं.

आणखी एक, म्हणजे आल्यावर दचकू नका. नगरपालिकेत पत्ता नोंदवलात की काही आठवड्यांत घरी एक पत्र येतं: प्रसारणाची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून सुटका नाही. पूर्वी घरात टीव्ही-रेडिओ आहे का हे विचारायचे, २०१३ पासून सरळ घरटी घेतात. एका घरात कितीही माणसं असली तरी वर्गणी एकच. इथे नवीन आलेली आपली मुलं "आमच्याकडे टीव्हीच नाही" असं बाणेदारपणे लिहून पाठवतात, आणि मग थकबाकीचं पत्र येतं. केबलचं वेगळंच. पूर्वी तिचे पैसे बहुतेक ठिकाणी घरभाड्याच्या इतर खर्चात धरलेले असायचे. जुलै २०२४ पासून घरमालकाला ते असे भाडेकरूंवर टाकता येत नाहीत. पाहिजे असेल तर स्वतः करार करायचा. माझं मत विचारशील तर करू नको. सगळं जर्मन, हॉलिवूडचे नटसुद्धा जर्मन बोलतात. आपल्या हिंदी सिनेमाचंही तेच व्हायचं. २०१६ ते २०२० इथे झी वन नावाचा चॅनेल होता, त्यावर अख्खं हिंदी घराणं अस्खलित जर्मनमध्ये रडायचं. हसू आवरत नाही, पण भाषा शिकायला वाईट नाही.

आता डिस्कांचं. ती निळी पिशवी आईने माळ्यावरून काढलीय म्हणे. ती आण. टीव्ही राहिला तरी चालेल, पिशवी राहता कामा नये.

त्यात तीन जाती आहेत, त्या वेगळ्या कर. पहिली, विकत घेतलेल्या डीव्हीडी. त्यांच्या पाठीवर पृथ्वीचं छोटं चित्र असतं आणि आत विभागाचा एक आकडा, म्हणजे ती डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालेल ते. भारताचा आकडा ५, जर्मनीचा २. चित्रात ५ असेल तर इथे घेतलेला प्लेअर ती डिस्क सहसा चालवत नाही. "ऑल" लिहिलेलं असेल किंवा आकडाच नसेल तर कुठेही चालते. आपल्याकडच्या बऱ्याच डिस्का तशाच असतात, कारण परदेशातलं गिऱ्हाईकही धरायचं असतं. ब्लू-रे असतील तर तिथे आकड्यांऐवजी अक्षरं: आपलं सी, इथलं बी. लॅपटॉपवर चालवून बघीन म्हणशील, तर जपून. त्यातल्या ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवशील तो कायमचा.

दुसरी जात व्हीसीडी, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची, सीडीवर भरलेली. बाबांची सगळी नाटकं त्यावरच आहेत ना, दोन-दोन डिस्कांची, मध्यंतराला उठून बदलायची! त्यांना विभागाचा आकडा नसतो, पण इथल्या दुकानातले नवे प्लेअर त्या वाचतीलच असं नाही. म्हणून आपला जुना प्लेअर आण. तो पेन ड्राइव्हही घेतो, वजनाला काही नाही, पिन बसते, आणि आपल्या विभागाच्या डिस्का त्याला आपल्याच वाटतात. फक्त त्याची पिवळी-पांढरी-लाल वायर बरोबर घे. नव्या टीव्हीला ती भोकं क्वचितच असतात; मध्ये लावायची एचडीएमआयची डबी इथे मिळते, ती मी आणून ठेवते. रिमोटमधले सेल काढून ठेव, नाहीतर पाझरतात.

तिसरी जात घरी भरलेल्या डिस्कांची: तुमचं लग्न, चिनूचं बारसं, आणि आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची ती कॅसेटवरून उतरवलेली. त्यांना विभाग वगैरे काही नाही, पण काळजी त्यांचीच जास्त. विकतच्या डिस्कवर चित्र ठशाने दाबलेलं असतं, घरच्या डिस्कवर ते रंगाच्या थरात भाजलेलं. उन्हाने, उष्णतेने तो थर खराब होतो. कंटेनरच्या सामानात त्या टाकूच नकोस, हातातल्या बॅगेत घे. निघण्याआधी राजवाड्याजवळ एखाद्या फोटोवाल्याकडून पेन ड्राइव्हवर उतरवून घे, आणि एक प्रत आईकडे ठेव.

हे लिहिताना बाबांची आठवण येतेय, कारण त्यांना एक गोष्ट फार आवडली असती. १९८२ ला, एशियाडच्या वर्षी, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तो ज्या पाल पद्धतीवर, ती इथलीच. हॅनोवरमध्ये टेलिफुंकेन कंपनीत वाल्टर ब्रूख नावाच्या इंजिनिअरने काढलेली. पश्चिम जर्मनीत ती २५ ऑगस्ट १९६७ ला सुरू झाली. बर्लिनच्या प्रदर्शनात तेव्हाचे पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री विली ब्रांट यांनी समारंभाने मोठं लाल बटण दाबायचं होतं. बटण नुसतं शोभेचं. मागे बसलेल्या तंत्रज्ञाने घाई केली आणि ब्रांट यांचा हात बटणावर नीट टेकायच्या आतच पडद्यावर रंग उमटले. बाबांनी ही गोष्ट वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली असती.

तर दिवाळीचा टीव्ही आईच्या खोलीत लाव. तिचा तिथला जुना डबा काढून टाकायला हेच निमित्त होईल, आणि तुम्ही निघाल्यावर संध्याकाळी मालिका बघायला शेजारच्या काकूही येतील. प्लेअरच्या मागच्या स्टिकरचा फोटो मला पाठव, म्हणजे डबी कोणती घ्यायची ते कळेल. वहिनी, उरलेल्या वजनात काळा मसाला, तोही घरचा.

आईला नमस्कार, चिनूला पापा.

तुझी,
ताई नसलेली धाकटी