एकटीने क्रूझवर जायचे ठरवलेच आहेस, तर…

ठाणे,
१२ ऑक्टोबर

प्रिय मृणाल,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची तिन्ही दरपत्रके मिळाली. मुंबईहून गोव्याला जाऊन येणारी दोन रात्रींची, सिंगापूरहून मलेशियातील पेनांग व थायलंडमधील फुकेतला जाणारी चार रात्रींची आणि बार्सिलोनाहून सुटणारी सात रात्रींची, यांपैकी कोणती क्रूझ घ्यावी असे तू विचारले आहेस आणि शेवटी ‘जी स्वस्त पडेल ती घेते’ असे म्हणून स्वतःच उत्तरही देऊन टाकले आहेस. माझे मत आधी सांगते: सिंगापूरची घे. कोणती किती स्वस्त आहे, हे या दरपत्रकांवरून तुला कळणारच नाही, कारण ती जोडप्यांसाठी छापलेली आहेत.

त्यावरचा आकडा ‘माणशी’ असतो हे खरे, परंतु एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरूनच तो काढलेला असतो. दुसरी खाट रिकामी राहिली तरी कंपनीला केबिनचे पूर्ण पैसे हवे असतात, म्हणून एकट्या प्रवाशाकडून बहुधा दोघांचे भाडे घेतले जाते. क्वचित सवलत देऊन दीडपटीवर भागवतात. समज, माणशी भाडे ४०,००० रुपये आणि बंदराचे कर १०,००० रुपये आहेत. जोडप्यातील प्रत्येकाला ५०,००० पडतील. तुला मात्र भाड्याचे ८०,००० आणि कराचे १०,०००, असे ९०,००० मोजावे लागतील. कर माणसागणिक असतो, त्यामुळे तो दुप्पट होता कामा नये. एजंटने एकूण रक्कम सरसकट दुप्पट करून सांगितली, तर तेथेच थांबवून हिशेब मांडून माग. शिवाय बहुतेक परदेशी बोटींवर कर्मचाऱ्यांची बक्षिसी दर रात्री माणशी साधारण १५ ते २० डॉलर, तुझ्या खात्यावर आपोआप चढते. वाय-फायचे पैसे वेगळे. मोबाइल तर बोटीवर पाऊल ठेवताच विमान-मोडवर टाक, कारण भर समुद्रातील उपग्रहाच्या नेटवर्कचे रोमिंग खिसा रिकामा करते.

एकट्यांसाठी मुद्दाम बांधलेल्या केबिनही असतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ या बोटीवर अशा १२८ लहान केबिन केल्या. प्रत्येक जेमतेम १०० चौरस फुटांची असून एकट्या प्रवाशांना बसायला एक स्वतंत्र दिवाणखानाही तेथे ठेवला. त्यानंतर इतर कंपन्यांनीही थोड्याफार तशा खोल्या काढल्या. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातील बोटींवरही मोजक्या आहेत. मात्र त्या फार लवकर संपतात आणि कधी कधी दोघांच्या साध्या आतल्या केबिनचे पूर्ण भाडेही त्यांच्यापेक्षा कमी निघते. म्हणून ‘सिंगल’ या शब्दाला न भुलता दोन्हींचे दर शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आतली केबिन म्हणजे खिडकी नसलेली. दिवा मालवला की तेथे इतका मिट्ट काळोख होतो की, जाग आली तर मध्यरात्र आहे की सकाळचे नऊ वाजले आहेत, हे समजायला मार्ग नसतो. त्यावर नेहमीच्या प्रवाशांची एक युक्ती आहे: बोटीच्या टीव्हीवर पुढच्या टोकाच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारी वाहिनी बहुधा असते, ती आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवायची. पहाटे पडदा हळूहळू राखाडी होतो, मग निळा, आणि खोलीत उजाडते. तू झोपण्यापुरतीच केबिनमध्ये जाणार असशील, तर बाल्कनीचे जास्तीचे पैसे देऊ नकोस. तेच पैसे बंदरांवर खर्च कर. तुझ्यासारख्या बडबड्या मुलीने बाल्कनीत एकटीने बसून करायचे तरी काय?

आता सोबतीचा विचार. बोट किती मोठी आहे आणि तिच्यावर किती घसरगुंड्या आहेत याची चौकशी सगळे करतात. आपल्याबरोबर कोण असणार, हे फारसे कोणी पाहत नाही, आणि एकट्या माणसाला तर तेच सर्वांत महत्त्वाचे असते. ढोबळमानाने, लांब पल्ल्याच्या क्रूझवर निवृत्त मंडळी अधिक असतात, शाळांच्या सुट्टीत मुलाबाळांची कुटुंबे असतात आणि शनिवार-रविवारच्या छोट्या फेऱ्यांवर मित्रांची टोळकी नि कंपन्यांचे गट असतात. गटांत आलेली माणसे आपापसांतच रमतात. मुंबई-गोवा फेरीला माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी. त्या फेरीवरची, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट वाईट आहे, असे मी म्हणत नाही. १९९० मध्ये बांधलेली ही बोट रॉयल कॅरिबियनकडे आणि मधल्या काळात एका स्पॅनिश कंपनीकडे चालून २०२१ मध्ये आपल्याकडे आली. पासपोर्ट, व्हिसा, विमान या कशाचीही कटकट नाही, ही तिची जमेची बाजू. चार मैत्रिणींनी मिळून जायला ती उत्तम आहे. एकटीने दोन रात्री जाऊन मात्र तू कोणाशी ओळख होण्याआधीच पुन्हा बॅलार्ड पिअरला उतरशील.

बार्सिलोनाची क्रूझ मोहात पाडणारी आहे, हे मला मान्य आहे. परंतु शेंगेन व्हिसा, दूरचा विमानप्रवास आणि वर एकटीचे भाडे, एवढा खर्च पहिल्याच खेपेस, समुद्र आपल्याला मानवतो की नाही हे माहीत नसताना, करणे मला पटत नाही. शिवाय भूमध्य समुद्राच्या सहलींत ‘रोम’ म्हणून जे छापतात ते प्रत्यक्षात चिव्हितावेक्किया बंदर असते. तेथून रोम सत्तरेक किलोमीटरवर आहे. कंपनीची सहल घेतलीस तर तिची बस उशिरा आली तरी बोट थांबते. स्वतः रेल्वेने गेलीस आणि परतीची गाडी चुकली, तर बोट थांबत नाही. जोडीदार असला की हे धाडस अंगावर घेता येते.

याउलट पेनांग पाहा. बोट स्वेटनहॅम पिअरला लागते आणि धक्क्याबाहेर पडले की तू जॉर्ज टाउनमध्येच असतेस. २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले हे शहर पायी फिरण्याजोगे आहे. पंधरा-वीस मिनिटांत लिटल इंडिया येते, तेथे १८३३ मध्ये उभारलेले महामारिअम्मन मंदिर आहे, फुलांचे हार आहेत, डोसे आहेत. आणि दुसऱ्या बाजूला चिनी कुळांनी पाण्यात खांबांवर बांधलेल्या घरांच्या वस्त्या आहेत. टॅक्सी, गाइड, सहलीचे तिकीट, कशाचीच गरज नाही. एकटीने प्रथमच परक्या बंदरात उतरणाऱ्या मुलीला याहून सोयीचे ठिकाण मला तरी माहीत नाही. फुकेतला मोठ्या बोटी अनेकदा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. त्या रांगेत वेळ मोडतो, तेव्हा त्या दिवशी फार बेत आखू नकोस.

तारखेचे म्हणशील तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चचा पहिला आठवडा बघ. फुकेतला तेव्हा कोरडा हंगाम असतो. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांमध्ये केव्हाही येते आणि त्या दिवसांत दर चढतात. जून आणि डिसेंबर हे सिंगापूरच्या शाळांच्या सुट्ट्यांचे महिने. दिवाळी आणि मे आपल्या लोकांचे. हे सगळे टाळले की बोटीवर तुझ्या वयाची माणसे भेटण्याची शक्यता वाढते. बोट सुटण्याच्या आदल्या दिवशीच सिंगापूरला पोहोच. त्याच दिवशीच्या विमानावर विसंबून राहू नकोस. बोट सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरलाच येते, म्हणून व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा आहे ना, ते पाहून घे. मलेशिया आणि थायलंडचे नियम मधूनमधून बदलतात. ते तिकिटाआधी तपास. विमा काढताना क्रूझचा प्रवास त्यात धरला आहे की नाही, हे लेखी विचार, कारण बोटीवरील डॉक्टरची फी आपल्याकडच्या हिशेबात बसणारी नसते.

जेवणाची तू उगाच धास्ती घेतली आहेस. मुख्य भोजनगृहात पहिल्याच संध्याकाळी तेथील प्रमुखाला सांगायचे की मला इतरांबरोबर टेबल द्या. सहा-आठ जणांची टेबले असतात आणि तेच ते लोक रोज भेटले की तिसऱ्या रात्री थट्टामस्करीही सुरू होते. दिवसभराच्या कार्यक्रमांच्या यादीत एकट्या प्रवाशांच्या भेटीची वेळही पुष्कळदा दिलेली असते. पहिल्याच दिवशी जा. नंतर गट जमून गेलेले असतात. शाकाहाराची अडचण सिंगापूरच्या बोटींवर पडू नये, पण आरक्षण करतानाच नोंदवून ठेव.

काकूंची काळजी मी समजू शकते आणि आजींची तर त्याहून अधिक. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबागकडच्या घरांत ती आठवण अजून पुसलेली नाही. आजींना एवढे सांग की, २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडल्यानंतर नियम कडक झाले आणि आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच प्रत्येक प्रवाशाला आपत्कालीन सराव करावाच लागतो. तो कंटाळवाणा असतो; तरीही तुझे जमण्याचे ठिकाण कोणत्या जिन्याने आहे, ते एकदा चालून पाहा. बाकी काळजी घराबाहेर घेतेस तीच: पेला सोडून उठायचे नाही आणि नव्या ओळखीच्या माणसाला केबिनचा क्रमांक सांगायचा नाही.

तुला घाटात गाडी लागते, म्हणून बोटही लागेल, असे गृहीत धरू नकोस. मोठ्या बोटींना डोलणे आवरणारे पंख असतात आणि मलाक्काची सामुद्रधुनी एरवीही बरीच शांत असते. तरी डॉक्टरला विचारून एखादी गोळी आणि आलेपाक जवळ ठेव, आणि केबिन मधल्या भागात, खालच्या डेकवर माग, कारण टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हलणे अधिक जाणवते. केबिनच्या बरोबर वर पोहण्याचा तलाव किंवा खाली नाट्यगृह नको. पहाटे खुर्च्या ओढल्याचा आणि रात्री ढोलांचा आवाज थेट उशीपर्यंत येतो. ‘केबिन आम्ही देऊ ती’ या प्रकारचे स्वस्त तिकीट म्हणूनच घेऊ नकोस. एजंटने क्रमांक सुचवला की पैसे भरण्याआधी मला कळव, डेकचे नकाशे काढून वर-खाली काय आहे ते मी बघून ठेवते.

काकूंना आणि आजींना नमस्कार.

तुझी,
वैदेही